दाखल्यातली तिसरी ओळ

श्री. रघुनाथ सुकलाल बोरसे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे नाना, यांची आणि माझी पहिली भेट मला फारशी शोभणारी नाही. तरी सुरुवात तिथूनच करायला हवी. मी तेव्हा जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. माल मापात आहे की नाही ते पाहायचं आणि नसेल तर त्यावर लाल ठिपका लावून बाजूला काढायचा, हे माझं काम. एके दुपारी फाटकावरून फोन आला, की एक गृहस्थ काहीतरी मोजून घ्यायला आले आहेत आणि नाही म्हटलं तरी जात नाहीत. जाऊन पाहतो तर पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी आणि हातात काड्यापेटी. काड्यापेटीत कापूस, कापसात कागदाची पुडी आणि पुडीत, मला आधी वाटलं, काहीच नाही.

"भाऊ, तुमना मशीनवर हाई मोजता येई का?" त्यांनी विचारलं.

पुडीत पोलादाची एक इवलीशी काडी होती. घड्याळाच्या पोटात डावी-उजवीकडे सतत झुलणारं एक चाक असतं, त्याचा तो आस. दोन्ही टोकांना तो केसाइतका बारीक होत गेला होता. मी म्हणालो, आम्ही पंप मोजतो, केस मोजत नाही. माझ्या आवाजात बराच साहेबीपणा होता, पण ते रागावले नाहीत. "मोजानं यंत्र तेच शे ना?" एवढंच म्हणाले. मग माप घेणं भागच पडलं. घेतल्यावर त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. घरी भिंगाखाली पाहून अंदाजाने काढलेला आकडा तिच्यावर आधीच लिहिलेला होता आणि तो माझ्या यंत्राच्या आकड्याशी जुळत होता. मी तीन वेळा मोजलं. तो जुळू नये असं मला फार वाटत होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

संध्याकाळी कारखान्यातून सुटल्यावर मी त्यांचं दुकान शोधत गेलो. दुकान म्हणजे जुन्या गावातल्या गल्लीत घराचीच पुढची खोली. एक टेबल, एक छोटा लेथ, भिंतीला दहा-बारा घड्याळं आणि गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल. स्टूल मुद्दाम एकच होतं, कारण दोन माणसं बसली की गप्पा सुरू होतात आणि नानांना काम करताना गप्पा खपत नाहीत. त्या दिवशी मी उभाच राहिलो. त्यानंतरची वीस-बावीस वर्षं मात्र त्या स्टुलावर बऱ्याच वेळा मीच बसलो आहे.

नाना मूळचे पारोळ्याकडचे, शेतकरी घरातले. घड्याळदुरुस्ती शिकायला ते लहानपणी जळगावला आले आणि इथलेच झाले. त्यांचं ज्ञान कुठून आलं हे विचारणाऱ्यांना ते समाधानकारक उत्तर देत नाहीत. मी जे पाहिलं ते सांगतो. रावेरकडचे एक केळीवाले शेतकरी बंद पडलेलं घड्याळ घेऊन आले होते. नानांनी मागचं झाकण उघडलं, भिंग डोळ्याला लावलं आणि विचारलं, "घड कापताना घड्याळ काढतस नही का?" चावीच्या दांडीतून केळीचा चीक आत उतरून काळा पडून बसला होता. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या घड्याळात त्यांना कापसाचा तंतू सापडतो, पिठाच्या गिरणीवाल्याच्या घड्याळात पीठ. त्या शेतकऱ्याचं घड्याळ बाजारात कुणी फुकट दिलं तरी घेतलं नसतं. नानांनी ते पूर्ण सुटं करून, धुऊन, पुन्हा जोडलं आणि तीन दिवस ठेवून घेतलं. तीन दिवस कशाला, असं शेतकऱ्याने विचारलं तेव्हा, "ते चालस का, ते देखानं शे," असं उत्तर मिळालं.

त्यांच्या माणुसकीबद्दल लिहिताना मला जरा अवघडल्यासारखं होतं, कारण ती माझ्याच घरातली गोष्ट आहे. माझी पत्नी आजारी होती तेव्हा घरी येणाऱ्यांची रीघ लागली होती. प्रत्येक जण काहीतरी उपाय सांगे. नाना रोज चारच्या सुमारास येत, पलंगाजवळच्या खुर्चीत बसत, सोबत आणलेलं एखादं चाक कानशीने घासत राहत आणि पाच वाजता उठून जात. बोलत काहीच नसत. एकदा मी म्हणालो, नाना, तुमच्या कामाचा खोळंबा होतो. त्यावर माझी पत्नीच म्हणाली, "येऊ द्या त्यांना. एक तेवढेच मला आजारी असल्यासारखं वागवत नाहीत." ती गेल्यानंतरही महिनाभर ते त्याच वेळेला येत होते. त्या दिवसांत त्यांनी मला सावरलं, हे मी त्यांना कधी तोंडावर सांगितलेलं नाही. इथे सांगतो.

आता मुख्य कामाकडे वळतो.

नाशिकचे एक डॉक्टर आहेत. जुन्या आणि भारी घड्याळांचा त्यांना नाद. एकदा त्यांनी परदेशातून घेतलेलं एक अत्यंत महागडं, चावीचं घड्याळ सफाईसाठी नानांकडे आणलं. सोबत जाड, चकचकीत कागदावरचा दाखला होता. घड्याळातला प्रत्येक भाग हाताने घडवला आणि हाताने उजळला आहे, असा त्याचा मजकूर. नानांनी घड्याळ उघडलं आणि चाकांना वरून धरून ठेवणारी पितळी पट्टी उलटी करून भिंगाखाली धरली. तिच्या आतल्या बाजूचा कोपरा गोल होता. इथे थोडं समजावून सांगतो. यंत्राचं हत्यार फिरतं, म्हणून त्याने कापलेला आतला कोपराही गोलच राहतो. टोकदार कोपरा हवा असेल तर माणसालाच कानस घेऊन बसावं लागतं. नाना म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घड्याळ चांगलं शे. कागद खोटा शे."

डॉक्टर चिडले, घड्याळ उचलून निघून गेले. सहा महिन्यांनी परत आले ते निराळ्याच सुरात. आपण दुसरीकडेही खात्री करून घेतली, असं त्यांनी सांगितलं. मग जरा टोमण्यानेच विचारलं, की कागदात लिहिलंय तसं घड्याळ जगात कुणी करतं तरी का?

"मी बनाडसू," नाना म्हणाले.

डॉक्टर हसले. म्हणाले, एक कुणीही करेल. दहा करून दाखवा. दहांवर तुमचा कागद खरा राहिला, तर अकरावं माझं.

हसण्यावारी नेलेली ती गोष्ट नानांनी मनावर घेतली. पहिल्या घड्याळाला तीन वर्षांच्या वर गेली. चाकं, त्यांचे आस, पट्ट्या, काटे, तबकडी, सगळं त्या पुढच्या खोलीत तयार झालं. ते पूर्ण झालं त्या दिवशी नाना माझ्याकडे आले आणि मला तपासायला बसवलं. मी म्हणालो, मला घड्याळातलं काय कळतं? तर म्हणाले, "जो बनाडस त्यानी तपासाले नको. आनि तुमले माल नापास करता येस, ते माले माहीत शे." नोकरीत मी लावलेल्या लाल ठिपक्यांबद्दल एवढ्या आदराने कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

त्यातून नानांचा दाखला तयार झाला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साधा पांढरा कागद, चार ओळी, खाली दोन सह्या. पहिल्या ओळीत काय बनवलेलं नाही ते येतं: काच, आस ज्यांत फिरतात ते खडे, मुख्य स्प्रिंग, कातडी पट्टा, हे विकत आणलेलं. दुसऱ्या ओळीत काय बनवलं आणि कुणी ते. तिसऱ्या ओळीत, पट्ट्यांच्या धारदार कडा घासून कुणी मोडल्या आणि त्यांच्या पाठीवरच्या बारीक रेघा कुणी ओढल्या, त्याचं नाव. चौथ्या ओळीत घड्याळ किती पुढे-मागे चालतं ते, आणि ही ओळ तपासणाऱ्याने लिहायची. खाडाखोड चालत नाही. एक अक्षर चुकलं तरी नवा कागद घ्यायचा.

तपासणीची रीतही नानांनीच घातली. घड्याळ सहा बाजूंनी ठेवून पाहायचं, आधी वरच्या तापलेल्या पत्र्याच्या खोलीत, मग गारव्याला माठाच्या तिवईजवळ. परदेशी दाखल्यांमध्ये कडक उन्हाळा म्हणून जी ऊब धरतात, ती आपल्याकडे होळीलाच येते, असं नानांचं मत आहे आणि जळगावकरांना ते पटवून द्यावं लागत नाही. शेवटच्या दिवशी मी घड्याळ पूर्ण उघडून आतून पाहायचं. त्या दिवशी बनवणाऱ्याने घरात थांबायचं नाही. नाना सकाळीच नशिराबादला आपल्या थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे जात, तिथेच जेवत आणि दिवे लागायच्या सुमारास परत येत. मधे फोनसुद्धा करत नसत. अक्का एकदा मला म्हणाल्या होत्या, की त्या दिवशी हा माणूस जेवतो काय, ते त्याला विचारलं तर सांगता येणार नाही.

अशी दहा घड्याळं झाली. दहांच्या तिसऱ्या ओळीत एकच नाव होतं, रघुनाथ बोरसे. आणि दहांवर माझी सही होती.

गौरवसमितीने मला 'नानांचा प्रामाणिकपणा' हा विषय नेमून दिला तेव्हा मी आधी नानांकडे गेलो. कारण या विषयावर लिहायचं तर अकराव्या घड्याळाबद्दल लिहावं लागणार, आणि अमृतमहोत्सवी ग्रंथात तसलं काही लिहीत नाहीत. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ती गोठ लिखशात तर लिखा. नहीते मना गोडवा गावाले माणसं गंज शेतस." गंज, म्हणजे पुष्कळ. तेव्हा पुढचं त्यांच्या परवानगीने, खरं तर त्यांच्याच हुकमावरून लिहितो आहे.

नानांच्या सूनबाई कल्पनाताई या धुळ्याच्या. तिथेच त्यांनी आयटीआयमध्ये टर्नरचं शिक्षण घेतलं. नानांचा मुलगा सुरतला नोकरीला आहे, आठवड्याला येतो-जातो. घरचं आवरून कल्पनाताई लेथवर बसू लागल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. सुरुवातीला त्या नुसतं पितळ कापून द्यायच्या, मग चाकं करू लागल्या. दुसऱ्या ओळीत त्यांचं नाव सातव्या घड्याळापासून येतं आहे. पण कडा आणि रेघा हे नानांचंच काम, तिथे दुसऱ्याचा हात लागायचा नाही, अशी सगळ्यांची समजूत होती. माझीही होती.

अकरावं घड्याळ, म्हणजे डॉक्टरांचं, तपासायला आलं. चालीला ते आधीच्या दहांपेक्षा सरस होतं. मी खुशीत होतो. शेवटच्या दिवशी नाना नशिराबादला गेले, मी घड्याळ उघडलं, पट्टी उलटी केली आणि तिच्यावरच्या रेघा पाहिल्या. त्या अतिशय सुंदर होत्या. पण दहा घड्याळांवरच्या नानांच्या रेघा किंचित उजवीकडे कलत, आणि या डावीकडे कलल्या होत्या. मला वाटलं पट्टी उलटसुलट झाली असेल, म्हणून ती गोल फिरवून पाहिली. पट्टीचं वरचं टोक खाली केलं तरी तिरप्या रेघांचा कल बदलत नाही. आधीच्या घड्याळांचे फोटो माझ्याकडे असतात, ते काढून शेजारी ठेवले. शंका उरली नाही. त्या रेघा डाव्या हाताने ओढलेल्या होत्या, आणि त्या घरात डावखुऱ्या एकट्या कल्पनाताई.

नानांनी लिहून ठेवलेला दाखला समोरच होता. तिसरी ओळ: रघुनाथ बोरसे.

मी कल्पनाताईंना हाक मारली. त्या दारात उभ्या राहिल्या. मी विचारलं, "कल्पना, हे कुणी केलंय?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काका, घड्याळ चांगलं नही का?"

"फार चांगलं आहे."

"मंग?"

घड्याळात खोट नव्हतीच. काम हातानेच झालं होतं, त्याच घरात, त्याच टेबलावर. मी सही केली असती तर डॉक्टरांना जन्मात कळलं नसतं. पण ज्या माणसाने डॉक्टरांना त्यांचा कागद खोटा असल्याचं तोंडावर सांगितलं, तोच माणूस त्यांना खोटा कागद देणार होता. मला वाईट वाटलं आणि संतापही आला. मी कल्पनाताईंना एवढंच म्हणालो, की तू घरात जा, यात तुझा काही दोष नाही. वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं: 'घड्याळ उत्तम. तिसरी ओळ खरी नाही. सही करता येत नाही.' चिठ्ठी घड्याळाखाली ठेवून घरी आलो.

आठ दिवस नानांचा फोन नाही. मीही केला नाही. इतक्या वर्षांची ओळख आपण एका रेघेपायी घालवली, असं मला त्या आठ दिवसांत अनेकदा वाटलं. नवव्या दिवशी भर दुपारी रिक्षा थांबली आणि नाना उतरले. हातात माझीच चिठ्ठी होती. पाणी दिलं तर प्याले नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर पुढे धरले. उजव्या हाताची बोटं हलत होती. थांबवायचा प्रयत्न केला तशी जास्तच हलू लागली.

"दोन वरीस व्हई ग्यात," ते म्हणाले. "आधी थोडं थोडं व्हतं. आते कानस धरता येस नही. तुमले सांगानी लाज वाटनी, भाऊ. गिऱ्हाइकले घड्याळ इकासाठे लिखं नही मी ते. मना हात गया, हाई माले कागदवर लिखता उनं नही."

लेथवर पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल, ते पाहणाऱ्यालाच कळेल. मी त्यांचे हात धरले. त्यांनी ते धरू दिले, पण फार वेळ नाही.

"आते नवा दाखला लिखसू," ते म्हणाले. "तिन्हं नाव लिखसू. पन तेवढावर भागाव नही. तुम्ही बाकीना दहा परत देखा. बठ्ठा."

मी म्हणालो, नाना, ते दहा मी तपासले आहेत, माझ्याकडे फोटो आहेत. ते म्हणाले, की एक कागद खोटा लिहिणारा माणूस आधीचे कागद खरे आहेत असं सांगतो, तर त्याच्यावर कुणी कशाला विश्वास ठेवावा? तुम्हीही ठेवू नका. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पुढचे तीन महिने आम्ही दहा घड्याळं परत बोलावण्यात घालवले. नानांनी प्रत्येक मालकाला स्वतः फोन करून कारण सांगितलं. कारण न सांगता, सफाईसाठी म्हणून मागवू, असं मी सुचवलं होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला. नऊ आली. धुळ्याच्या एका तेलगिरणीवाल्यांनी मात्र, घरात लग्न आहे, घड्याळ हातात पाहिजे, असं सांगून नकार दिला. मग आम्ही दोघं एसटीने धुळ्याला गेलो आणि हळदीच्या गडबडीत, मांडवाच्या मागच्या खोलीत, मी त्यांचं घड्याळ उघडलं. गिरणीवाले दारात उभे राहून सारखे म्हणत होते, "नाना, राहू द्या ना, आम्हाला काही शंका नाही." नाना त्यांना म्हणाले, "तुमले नही. माले शे." दहाही घड्याळं खरी निघाली. दहाव्याचं झाकण बंद केलं तेव्हा नाना बाहेर मांडवात बसले होते. मी जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि वाढप्याला दोन ताटं आणायला सांगितली.

मग डॉक्टरांना बोलावलं. ते नाशिकहून आले. नानांनी सगळं सांगितलं आणि नवा दाखला पुढे ठेवला. तिसरी ओळ: कल्पना बोरसे. ते नाव घालायला कल्पनाताईंनी शेवटपर्यंत विरोध केला होता. "माले नाव नको, नाना," त्या म्हणत होत्या. "मना नावनं घड्याळ कोण लेई?" नानांनी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी दाखला दोनदा वाचला. घड्याळ भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. मग ते म्हणाले, "नाना, काम अप्रतिम आहे. पण मी इतकी वर्षं तुमच्या हाताची वाट पाहिली. हे मी घेणार नाही. मला चालतं असं खोटं बोलून घेतलं, तर तुमच्या दाखल्याला काय अर्थ राहिला?"

"बरोबर शे," नाना म्हणाले.

कल्पनाताई आतून ऐकत होत्या. डॉक्टर गेल्यावर त्या बाहेर आल्या, डोळे भरलेले. "मी सांगेल व्हतं ना," म्हणाल्या. नानांनी घड्याळ उचललं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. "आते हाई तुन्हं," म्हणाले. पट्टा लावायला त्यांची बोटं साथ देईनात, तेव्हा तो मी लावला. डावखुऱ्या असल्याने कल्पनाताई ते उजव्या मनगटावर घालतात.

त्यानंतर नानांनी कानस पूर्ण बंद केली. त्याच सुमारास माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्या रेघा मला पूर्वीसारख्या दिसेनात. मग तपासायचं कुणी? नानांचे डोळे या वयातही माझ्यापेक्षा चांगले आहेत, आणि बनवणाऱ्या आता कल्पनाताई. तेव्हा तपासणीच्या स्टुलावर नाना बसले आणि नशिराबादला अक्कांकडे जेवायला कल्पनाताई जाऊ लागल्या.

बारावं घड्याळ सगळंच्या सगळं कल्पनाताईंनी केलं. नानांनी ते उघडलं आणि नापास केलं. एका आतल्या कोपऱ्याला टोक नव्हतं. घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मुलगा सुरतहून मला फोन करून विचारत होता, की काका, नक्की झालंय काय? कल्पनाताईंनी पट्टी नव्याने केली. नानांनी ती पुन्हा नापास केली. तिसऱ्या खेपेला त्यांनी सही केली. आता त्यांची सही इतकी हलते की बँकेतला कारकून ती जुळत नाही म्हणून परत पाठवतो. दाखल्यावर मात्र ते तीच करतात, दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. ते घड्याळ अजून विकलं गेलेलं नाही.

नानांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या निमित्ताने त्यांच्या कसबाबद्दल या ग्रंथात इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे आणि ते सगळं त्यांना साजेसं आहे. मी जन्मभर माल तपासला. कुणाच्याही मालावर सही करायला मी टाळाटाळच करत आलो. या माणसाबद्दल मात्र लिहून देतो, की चूक झाल्यावर ती मान्य करायला इतक्या लांबवर, इतक्या दारांना जाणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. हाताचा त्रास आहे तेवढाच राहो. डोळे असेच तेज राहोत.

हा लेख पूर्ण करण्यापूर्वी मी परवा त्यांच्या घरी गेलो होतो. तेरावं घड्याळ लेथवर आहे. कल्पनाताई पट्टी घासत होत्या. नानांसाठी तुझ्या वतीने काय लिहू, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. "लिखा काका," त्या म्हणाल्या, "नानाले शंभर वरीस मिळोत. आजून मना गंज घड्याळं त्यासले नापास कराना शेतस."

माझीही शुभेच्छा हीच समजावी.